रेंज नंबर चार

धोटे गुरुजींनी कपबशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि बोलणीतला एकमेव महत्त्वाचा प्रश्न विचारला.

"बाकी सगळं ठीक आहे. तुमच्याकडे रेंज आहे का?"

२०३७ सालात मुलीचा बाप दुसरं काही विचारत नाही. पगार सरकारी संकेतस्थळावर दिसतो, पत्रिका यंत्र जुळवतं, आणि मुलाची व्यसनं विमा कंपनी न विचारता कळवते. उरते फक्त रेंज. रेंज नसलेल्या गावात डॉक्टर दिसत नाही, रेशन मिळत नाही, आणि अलीकडे मुलगीही मिळत नाही.

माझ्या बाबांनी छाती पुढे काढली. बाबा म्हणजे उद्धवराव भोयर, निवृत्त वनमजूर. त्यांच्या आयुष्यात रेंज या शब्दाला एकच अर्थ होता. वनखात्याने जंगलाचे जे तुकडे पाडलेत त्यातला एक तुकडा, ज्याच्यावर रेंजर बसतो.

"हाये नं," बाबा म्हणाले. "चार नंबर. पंचावन्न चौरस किलोमीटर."

गुरुजींच्या मनातली रेंज मोबाइलची होती, आणि त्यांच्या नागपूरच्या फ्लॅटमध्ये ती फक्त स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी येत होती. त्यांनी जरा अविश्वासाने विचारलं, सगळीकडे? बाबा म्हणाले, झाडाझाडाले. आणि कधी जात नाही, कारण सरकारी आहे.

चूक मला त्याच क्षणी कळली होती. ती दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या तोंडात लाडू होता, आणि समोर निमिषा बसली होती, आणि रेंज आहे म्हटल्यावर तिने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. मी लाडू सावकाश चावला. गिळेपर्यंत लग्न ठरलं होतं.

निमिषा दूरपरिचारिका आहे. घरी बसून ती बारा अतिदक्षता खाटांवर नजर ठेवते. खाटा कुठल्या कुठल्या आडगावच्या दवाखान्यांत असतात, तिथे मोठी नर्स नसते. पडद्यावर बारा माणसांची नाडी, श्वास, रक्तातला प्राणवायू. काही बिघडलं की ही तिथल्या मावशीला कानातून सांगते, काय करायचं ते. संपर्क तुटला तर नव्वद सेकंदांनी दुसरी परिचारिका आपोआप जागा घेते. ही नव्वद सेकंदं बारा माणसं देवाच्या देखरेखीखाली असतात, आणि देवाकडे पडदा नाही, असं ती म्हणाली होती. मला ती तेव्हाच आवडली.

मी वनरक्षक. आमचं गाव उंबरदोडी करवंदझरी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे. गेटपासून आत नऊ किलोमीटर. गेट ओलांडलं की फोन म्हणजे महागडा आरसा. रोज संध्याकाळी मी मोटरसायकलने गेटवर जाऊन निमिषाशी बोलायचो. मागे मोरांचा आवाज यायचा, त्यामुळे मी घरी आहे असं तिला वाटायचं. मोर गेटवरच्या हॉटेलचे होते.

तर राष्ट्रीय उद्यानात टॉवर उभारता येत नाही. खांब नाही, तार नाही, साधी सौर पाटीसुद्धा नाही. कायदा म्हणतो, बांधकाम नको. या कायद्यातून वाट काढायला आदल्या हिवाळ्यात एक शास्त्रज्ञ आमच्याकडे आल्या. त्यांचं नाव डॉ. सुगंधा परचुरे. यावर मी काही बोलणार नाही.

सुगंधा मॅडमचं संशोधन मला त्यांनी स्वतः समजावलं होतं, नाकाला रुमाल न लावता. खाल्लेलं अन्न पचवताना इलेक्ट्रॉन सुटतात. आपण ते प्राणवायूच्या गळ्यात मारतो, त्यालाच श्वास म्हणतात. काही जीवाणूंना प्राणवायू मिळत नाही. ते अंगातून प्रथिनाचे तंतू बाहेर काढतात, केसाच्या हजारो पट बारीक, आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर सोडतात. म्हणजे ते तंतू चक्क विजेच्या तारा. मॅडमनी या जीवाणूंत असा फेरफार केला की ओल्या शेणात हे तंतू एकमेकांत विणले जावेत, आणि विणकाम ठरावीक मापाचं झालं की त्याची अँटेना व्हावी. वीज शेणच पुरवतं. एक ढीग दुसऱ्या ढिगाला संदेश देतो, तो तिसऱ्याला, असं करत तो गेटबाहेरच्या टॉवरपर्यंत जातो.

आता ढीग ठरावीक जागी हवेत. इथे रोही उपयोगी पडला. रोही म्हणजे नीलगाय, जी गाय नाही आणि जिची मादी निळीही नाही. पण हगण्याच्या बाबतीत जंगलात तिच्याइतकी शिस्त कुणाला नाही. रोही कुठेही बसत नाही. नेहमीच्या ढिगापाशी जातो, वास घेतो, जागा तीच असल्याची खात्री करतो, मग पाठ फिरवतो. असे ढीग जंगलभर, तीनशे-चारशे मीटरवर. मॅडमनी मिठाच्या ढेपांतून जीवाणू रोह्यांच्या पोटात घातले आणि बाकीचं रोह्यांवर सोपवलं. लेंडी हे बांधकाम आहे का, यावर त्याआधी एका समितीने दोन वर्षं विचार केला होता. नाही, असं ठरलं.

अडचण एवढीच की रेंज ढिगापासून हातभर अंतरावर मिळायची, आणि ताजेपणावर अवलंबून असायची. वाफ निघत असेल तर फोनवर पाच दांड्या. नुसती चकाकी असेल तर तीन. वरून तडे गेले की संपलं. आणि माणसाचं शरीर म्हणजे खारट पाण्याची पिशवी, त्यामुळे उघड्या कातडीचा स्पर्श झाला की माणूसच अँटेनाचा भाग होतो आणि दोन दांड्या वाढतात. ही गोष्ट मॅडमनी अहवालात तळटीप म्हणून लिहिली होती. पर्यटकांनी तेवढी तळटीप वाचली.

मी सडलेल्या चितळाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून गोळी शोधली आहे आणि त्यानंतर जेवलोही आहे. पण त्या हिवाळ्यात माझी अन्नावरची वासना उडाली. जिप्सी वाघासाठी थांबेनात, ढिगासाठी थांबू लागल्या. लोक बूट-मोजे काढून रांगेत उभे. एक गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दोन्ही पाय ढिगात रोवून सोसायटीच्या सभेत बोलत होते, लिफ्टला आतून कोणता रंग द्यावा यावर. बायको शेजारी उभी राहून त्यांना थालीपीठ भरवत होती, कारण एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात लेंडी. त्यांच्या मागून वाघीण रस्ता ओलांडून गेली. तिने नाक वाकडं केलं, हे मी शपथेवर सांगतो. एका बाईंनी अंबाड्यात चार लेंड्या खोवल्या होत्या, मोगऱ्याच्या गजऱ्यासारख्या, म्हणजे रेंज थेट कानाशी. लोक घरी न्यायला डबे आणू लागले. शेवटी रेंजरसाहेबांनी गेटवर पाटी लावली, "लेंडी नेऊ नये. झडती घेतली जाईल." झडती मी घ्यायचो.

मार्चमध्ये गुरुजींचा निरोप आला. रविवारी घर बघायला येतो. आणि निमिषाने संध्याकाळी फोनवर सहज सांगितलं, की बघायचंच आहे तर ती काम करूनच बघणार. अकरा ते बारा, एक तासाची पाळी तिने मुद्दाम मागून घेतली होती. तुमच्या अंगणातून करीन, म्हणाली. बारा खाटा.

मोर ओरडला. मी बरं म्हणालो.

घरी येऊन बाबांना दुसऱ्या रेंजचा अर्थ सांगितला. त्यांना आधी पटेना. मग ते ओट्यावर बसून राहिले. "मंग म्या खोटं बोललो म्हणायचं," ते म्हणाले. सत्तर वर्षांत त्यांच्यावर ही वेळ आली नव्हती. ते उद्याच नागपूरला जाऊन गुरुजींची माफी मागतो म्हणाले. मी त्यांना थांबवलं. म्हणालो, माझ्याकडे उपाय आहे. बाबांनी थोड्या आशेने माझ्याकडे बघितलं. ती आशा मला अजून टोचते.

उपाय सोपा होता. घराजवळचा ढीग सहाशे मीटरवर, पाहुणीला तिथे उभं करता आलं नसतं. पण आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की अंगण शेणाने सारवतात. कुणाला किळस येत नाही, उलट घर सुसंस्कृत आहे असं वाटतं. शेण कुणाचं, हे कोण विचारतो?

रविवारी उजाडताच मी घमेलं घेऊन निघालो आणि पाच खेपा केल्या. ज्या हातांनी मी लोकांच्या पिशव्यांतून लेंड्या जप्त करत होतो त्याच हातांनी त्या गोळा केल्या, पाण्यात कालवल्या, कुस्करल्या. गाईच्या शेणाला एक घरगुती वास असतो. याला नव्हता. याला आंबट, कुजका, जरासा बोकडासारखा वास होता, आणि तो नाकातून घशात उतरून तिथे बिऱ्हाड करायचा. मी दोनदा ओकलो. बाबांनी न बोलता दारापासून विहिरीपर्यंत तीन हात फिरवले, बोटांची छान अर्धवर्तुळं उमटवत. साडेनऊला मी अनवाणी अंगणाच्या मध्यभागी उभा राहिलो. पाच दांड्या. मला आनंद झाला. त्या आनंदाचीच मला जास्त शिसारी आली.

पावणेअकराला जिप्सी आली. गुरुजींनी सारवण बघितलं आणि चपला बाहेर काढल्या. "असं अंगण आता कुठे बघायला मिळते," ते म्हणाले. मग नाक किंचित वर केलं आणि वेगळाच वास येऊन राहिला, असंही म्हणाले. मी म्हणालो, जंगलाचा. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मी दुसरीकडे बघितलं.

निमिषाने मोहाच्या झाडाखाली खुर्ची-टेबल मांडून घेतलं, पडदा उघडला, पाय सारवणावर टेकवले. फोनमध्ये डोकावून माझ्याकडे बघून हसली. बाबांनी गुरुजींना पोह्यांची बशी दिली. गुरुजी फोनवर नागपूरच्या नातेवाइकांना अंगण दाखवत होते. "पाच दांड्या आहेत," ते सांगत होते, "जंगलात."

अकरा वीसला ऊन मोहाच्या सावलीतून आत सरकलं. चार दांड्या. मी सडा घालतो म्हणून बादलीभर पाणी शिंपडलं. पुन्हा पाच, मग चार, मग तीन. मार्चचं ऊन बादलीला भीत नाही. अकरा पस्तीसला कडेने तडे जायला लागले. निमिषाने एकदा फोन हलवला, एकदा माझ्याकडे पाहिलं. या वेळी हसली नाही.

आणि तेव्हा कुंपणापलीकडे रोही दिसला. मोठा नर, त्याच्यामागे कळप. मी अकरा मोजले. ढीग सकाळी गायब झाला होता आणि त्यांना तो सापडत नव्हता, आणि आता वास कुठून येतोय ते सापडलं होतं. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी त्यांच्या संडासाने अंगण सारवलं होतं.

नराने कुंपणाची फट बघितली आणि आत आला. अंगणाचा वास घेतला, खात्री करून घेतली, गुरुजींकडे पाठ फिरवली. गुरुजींचा घास हातातच राहिला. बाकीचे शिस्तीत मागे आले. कुणी घाई केली नाही. एक मादी विहिरीपाशी, दोन तुळशीजवळ, एक निमिषाच्या टेबलाला जवळजवळ टेकून. लेंड्या पडण्याचा आवाज पहिल्या सरीसारखा वगैरे अजिबात नव्हता. पोत्यातून बटाटे ओततात तसा होता, फक्त ओला. वाफ चढली. बाबांनी हट हट केलं. रोही अशा वेळी हटत नाही, कोण हटेल?

गुरुजी उठले, दोन पावलं गेले आणि पोह्यांसकट मोकळे झाले. तुळशीत नाही, एवढंच नशीब.

त्याच क्षणी पडदा लाल झाला. सात नंबरची खाट. प्राणवायू ब्याऐंशी, मग ऐंशी, मग चित्र थिजलं. फोनवर एकच दांडी.

"रेंज का जाते आहे?" निमिषाने मला विचारलं. माझ्या तोंडात या वेळी लाडू नव्हता, तरी आवाज निघाला नाही. ती नव्वद सेकंदं मोजत होती, ओठ हलत होते. तेवढ्यात टेबलाशेजारच्या मादीचं काम संपलं. दांडी एकाची दोन झाली. निमिषाने फोनकडे पाहिलं, खाली वाफाळत्या ढिगाकडे पाहिलं, सारवणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळायला मला वाटतं तीन सेकंद लागले. चौथ्या सेकंदाला तिने दोन्ही पाय उचलले आणि घोट्यापर्यंत ढिगात घातले.

पाच दांड्या.

"शेवंतामावशी, सात नंबर," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "नळी बघा, उशीखाली वाकलीये. ओढू नका, आधी मान उचला. हां. आता सरळ करा. थांबा तिथेच." तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त गळ्याची घाटी वरखाली होत होती. ती ओकारी गिळत होती. अठ्ठ्याहत्तर. ब्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एक्याण्णवला पडदा हिरवा झाला. नंतरची सतरा मिनिटं ती तशीच बसली, कारण पाळी बारापर्यंत होती. पाय थंड पडले की ती ते थोडे आणखी आत सरकवायची. मी बघत होतो. नजर दुसरीकडे वळवायचा मला हक्क नव्हता.

मधे सुगंधा मॅडम वही घेऊन धावत आल्या. कळपाच्या गळ्यातल्या पट्ट्यांनी त्यांना जागा बदलल्याचं कळवलं होतं. त्या म्हणाल्या, इच्छित ठिकाणी ढीग हलवता येतो हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालंय, आणि हे कुणी केलं? मला माझं नाव सांगावं लागलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. माझा हात तसाच होता, न धुतलेला. त्यांना चाललं.

बाबा मात्र गुरुजींसमोर गेले आणि हात जोडले. "म्या जंगलाची रेंज सांगतली," ते म्हणाले. "मले दुसरी माहीतच नव्हती. पोराचा दोष नाही." गुरुजी कुंपणाला धरून उभे होते. त्यांनी तोंड पुसलं आणि लेकीला म्हणाले, चल, बारा वाजले की निघायचं. जिप्सीवाल्याला त्यांनी गाडी वळवायला सांगितली.

बारा वाजता निमिषाने खाटा दुसऱ्या परिचारिकेच्या हवाली केल्या आणि पडदा मिटला. पाय होते तिथेच.

"यांचा गैरसमज झाला," ती माझ्या बाबांकडे न बघता मला म्हणाली. "तुमचा नव्हता. फोनवर का नाही सांगितलं?"

"इथे रेंज नव्हती."

"गेटवर होती ना? तुम्ही गेटवरूनच बोलत होता. हॉटेलच्या जाहिरातीत तोच मोर ओरडतो."

"गेटवर हिंमत नव्हती," मी म्हणालो.

"सात नंबर म्हणजे सदुसष्ट वर्षांचे एक शिंपी आहेत. त्यांना काही झालं असतं तर?"

ती म्हणाली, हे मी विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरलात तर मी आठवण करून देईन. बाहेर जिप्सीचा हॉर्न वाजला. निमिषाने तिकडे लक्ष दिलं नाही. ती अंगणभर बघत होती, एकेका ढिगाकडे, एखाद्या वॉर्डातून फेरी मारावी तशी.

"आठवड्यातले चार दिवस मी गेटवर खोली घेऊन राहीन," ती म्हणाली. "तिथून काम करीन. तीन दिवस इथे. त्या तीन दिवसांत मला कुणी फोन करायचा नाही. आणि हे अंगण खणून काढायचं, आणि गाईच्या शेणाने सारवायचं. गाईच्या. माझ्यासमोर."

गुरुजी कुंपणापाशी येऊन म्हणाले, निमिषा, तू काय बोलून राहिलीस? ती म्हणाली, बाबा, पाच मिनिटं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, पाणी आणा.

मी विहिरीवरून बादली भरून आणली. ती खुर्चीवर बसली आणि पाय पुढे केले. मी तांब्याने पाणी ओतायला लागलो. हिरवट-काळं पाणी तिच्या घोट्यांवरून ओघळून माझ्या गुडघ्यांखाली साचत होतं. तिने तोंडावर ओढणी धरली होती. मांडीवरच्या फोनवर दांड्या उतरत होत्या. चार. मी दुसरा तांब्या ओतला. तीन. घोटे स्वच्छ झाले तेव्हा एक उरली होती. मी थांबलो. तिने फोन टेबलावर पालथा घातला.

"अजून घाल," ती म्हणाली. "बोटांच्या मध्ये राहिलंय."